सुजाताची ब्रँच

१४ मे ९६
सुजाताच्या डॉक्टरकीच्या पुढच्या, पीजीच्या परीक्षेचा निकाल कळायला एक फोन लागला, तोही माझ्याच एसटीडी बूथवरून, म्हणजे फुकट. खरा खर्च वेगळाच. सुजाता जेवली नाही, तिच्याकडं बघून ही जेवली नाही, आणि मी दिवसभर गिऱ्हाइकांना "पेढे उद्या" म्हणत बसलो. मार्क कमी. पोरगी स्त्रीरोगतज्ज्ञ होणार म्हणून अख्ख्या इंदापुरात सांगून बसलोय. या रँकला ते…

१७ मे
पुण्याहून एक सफारी सूटवाले आले. कुणी पाठवलं ते सांगेनात. कर्नाटकात पैसे भरून सीट करून देतो म्हणे. "शेठ, डीन आपल्या घरातलाच. आत्ता बोलतो." केबिनमध्ये शिरले. "नमस्कार डीनसाहेब!" हसणं काय, वहिनींची चौकशी काय! बाहेर माझ्यासमोर मीटर शून्यावर. पलीकडं कुणी उचलल्याशिवाय ते पळत नाही.
चहा पाजला. "बघू, कळवतो," म्हणालो. याच्या मागं कोण आहे ते तरी कळू दे. सु. बारामतीच्या दवाखान्यातली ड्यूटी करून नुकतीच आलेली, दारातच उभी. ऐकून आत गेली.

२० मे
सु. म्हणते, सरकारी कॉलेजात भूलशास्त्र मिळेल. मी म्हणालो, "भूल देणाऱ्याला कोण ओळखतंय? पेशंट तर झोपलेला!"
ही ओट्यापासून, "अवो, आन् जागा कोण करतंय त्याला?"
"नाहीतर पुढच्या वर्षी परत बसते, अण्णा." माझ्या तोंडाकडं रोखून बघत होती. कशासाठी?

२४ मे
काहीतरी शिजतंय. रोज बूथवर येऊन पुण्याच्या मैत्रिणीला फोन लावणारी पोरगी, आता फिरकत नाही. मी घरात शिरलो की मायलेकी गप्प. पोरगं-बिरगं? हिला विचारलं. "मला काय ठावं?" ठावं असलं की ही असंच म्हणते.
असू दे. गावात कुणाची सोयरीक मोडली, कुणाची बदली झाली, त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळतं. माझ्या घरातलं सुटेल होय!

२५ मे
सफारीवाल्याचा फोन. परत "बघू." सु. पाणी ठेवून गेली. चेहरा दगड.

२८ मे
उठलो तर सु. पहिल्या गाडीनं पुण्याला गेलेली. हिच्याकडून कळलं, उद्या तिथं रँकप्रमाणं बोलावणार, ब्रँच मागायची. मला मात्र सु. पुढच्या आठवड्यात म्हणाली होती.
ही म्हणाली, "तुमी त्या सफारीवाल्याला बघू बघू म्हणताय. तिला वाटतंय, सरकारी सीट घिऊ देणार न्हाय, पैसं भरून तिकडं धाडणार."
"अगं, तो लबाड हाय! फोन लागलाच नव्हता त्याचा!"
"मग तिला कधी सांगितलं?"
मी उलट विचारलं, "काय मागणार हाय ती?"
"शपथ घातलीय तिनं."
मैत्रिणीचा नंबर लावला. कुणी उचलत नाही. हिच्याकडं दुसरा नंबर असेल का, म्हणून बूथबाहेर आलो, तर समोरच्या बूथवरून बबन ओरडला, "अण्णा, ताई पोचल्या का? आठवडाभर माझ्याकडनंच लावत होत्या की फोन."
विचारलं, काय बोलायची? तो हसला. "ताईंनी सांगू नको म्हटलंय."
उद्या सु. काय मागणार, ते हिला माहीत आहे, बबनला माहीत आहे. मला नाही.