माझ्या कानामागचे ठिपके

मु. मुर्री

चि. जागेश्वर यास बकाराम भाऊजीचे आशीर्वाद.

तुझी तब्येत, नवेगावची मंडळी, बांधातली मासोळी, सगळे ठीक असेल असे धरून चालतो. इकडेही सगळे ठीक आहे, फक्त मला माता आली आहे, कांजिण्यांची. (आलेली नाही. पण या घरात तसे मानणारा मी एकटाच उरलो.) फोनच केला असता, पण "मातेले मोबाइल नाई चालत" म्हणून तुझ्या बहिणीने तो पदराला बांधून ठेवला. म्हणून हे पत्र नवेगावच्या एसटीने पाठवतो.

मुळात चूक डॉक्टरची. बीपी वाढले तर माणसाने गोळी द्यावी आणि गप्प बसावे. याने वर सांगितले, मन रमवा. समाजमंदिरात आम्हा म्हाताऱ्यांसाठी ठिपक्यांच्या चित्रांचा वर्ग सुरू झाला होता, तिथे आपल्या पोरीने, गुंजनने, माझे नाव घातले. गोंदियाची एक मॅडम येते. "अंकल, साँस छोड़िए और बिंदी रखिए," एवढेच तिचे शिकवणे. काडी रंगात बुडवायची, मधोमध मोठा ठिपका, भोवती लहान, त्याभोवती आणखी लहान. मी आधी हसलो. जन्मभर धानाची रोवणी केलेल्या माणसाला ओळीत टिंबे ठेवायला काय शिकवता? पण खोटे कायले बोलू, आठवडाभरात मन असे थंड झाले की तुझी बहीण प्रेमिला काय बोलते तेही ऐकू येईना. (हा फायदा डॉक्टरने सांगितला नव्हता.)

आता ऐक. गुंजनसाठी तू जमवलेल्या सोयरिकीचे पाहुणे सालेकशाहून यायचे होते, त्या दुपारी मी छपरीत लाल ठिपके देत बसलो आणि तिथेच डोळा लागला. जागा झालो तो तुझ्या बहिणीच्या किंकाळीने. "अवो माय! यायले माता आली जी!" पाहतो तर दोन्ही हात लाल ठिपक्यांनी भरलेले. ओल्या चित्रावर झोपलो असेन, दुसरे काय! तसे म्हटले तर म्हणते, "ताप डोक्यात गेला, बरळून राहिले."

दारावर कडुनिंब टांगला. कढई उतरली, कारण माता आलेल्या घरी ना तळण, ना फोडणी. वड्यांची डाळ वाटलेली तशीच राहिली. तेवढ्यात पाहुणे हजर! पोराचे बाप उदारामजी, ज्यांनी "पोरीचं नर्सिंग बंद करा, लगन याच महिन्यात उरकू" असे बजावले होते आणि मी मान डोलावली होती, ते जोडे काढून अंगणातूनच मला हात जोडायला लागले. मी ओरडलो, "अजी, रंग होये!" ते आणखीच वाकले. पोराच्या आईने उंबऱ्याशी नारळ ठेवला आणि मंडळी पाणीही न पिता परतली.

तेव्हापासून आंघोळ बंद, आरसा झाकलेला. लग्न झाल्यापासून जिने मला कधी हात जोडले नाहीत, ती मी खोकलो तरी "माता बोलून राहिली" म्हणून कपाळ टेकते. चहा मागितला की तेवढे मात्र मातेचे बोलणे नसते.

तर जागेश्वर, मध्यस्थ तू. सालेकशाला जा, माता-बिता काही नाही म्हणून सांग आणि रविवारी सगळ्यांना परत घेऊन ये. पोरीची सोयरीक ठिपक्यांपायी मोडली तर मी तोंड कुठे दाखवू? (तेही असले.)

तुझा,
बकाराम भाऊजी

ता. क. पत्र चिकटवण्याआधी आरशावरचे फडके सारून पाहिले आणि हादरलो. ठिपके कानामागे आहेत. मानेवर आहेत. चित्रावर झोपून कोणाच्या कानामागे ठिपके उठतात? गुंजनला बोलावले. म्हणते, नर्सिंगच्या पुस्तकात पाहून काढले, "तुमी घोरून राहिले होते." कायले केलं, विचारले तर रडायलाच लागली. "बाबा, शेवटचं साल आहे. मले शिक्षण सोडून नाई जायचं. कितीदा सांगतलं तुमाले, तुमी ठिपके देऊन राहिले होते." माझी एकुलती एक पोर माझ्या कानाशी बोलत होती आणि मी साँस सोडत बसलो होतो. तेव्हा वरचे सगळे विसर. सालेकशाला जाच, पण असे सांग की माता फार कडक आहे आणि पोरीचे शिक्षण पुरे झाल्याशिवाय निघणार नाही म्हणते.

आणखी एक. प्रेमिलाला यातले काही ठाऊक नाही आणि कपाळावरचे ठिपके घामाने पुसट होऊन राहिले. येताना गोंदियाच्या बाजारातून लाल रंगाची बाटली घेऊन ये. मोठी.