कर्नेल, कौलं आणि धोंडीबाची शिडी

२ मे १९८९
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मोठं काम हातात असलं की माणसाने लिहून ठेवावं.

सुमेधा मॅडमनी कर्नेलमधलं सगळ्यात नाजूक काम मला दिलं. कर्नेल म्हणजे मशीनचा गाभा. एकच फाइल चार प्रोग्रॅम एकदम वापरतात. जो घेईल त्याने तिचा काउंट एकने वाढवायचा, ज्याचं काम झालं त्याने एकने कमी करायचा. शून्य झाला की कर्नेलने ती जागा मोकळी करायची. बस. बालवाडीतलं गणित.

पंचवीस तारखेला पुण्याची पार्टी डेमो बघायला येणार, बँकेची माणसं. त्यांनी मशीन घेतलं तर आमचा ग्रुप राहणार. नाहीतर ग्रुप बंद आणि मी पेरोलमध्ये, जन्मभर दुसऱ्यांचे पगार काढत. मॅडमनी हे दोनदा सांगितलं. एकदा पुरे होतं.

आठ दिवसांत संपवणार.

९ मे
संपवलं. मशीन मस्त चालतं. तास-दीड तास तरी. मग मेमरी भरते आणि ठप्प. मेमरीच कमी आहे. कंपनीने हात सैल सोडावा असं मॅडमना सुचवलं. त्या म्हणाल्या, घेताना वाढवतोस, पण सोडताना कमी करतोस का ते बघ आधी. बघतो म्हटलं. त्यांचं मॅन्युअल दिवाळीपासून माझ्याकडे आहे, तेही मागितलं. उद्या देतो म्हटलं.

घरी बायकोची, शालूची, तीच कटकट. डबे ऑफिसला जातात, परत येत नाहीत. आज पोहे कढईतच घेऊन जा म्हणाली. त्यात बाबांचं वेगळंच. धोंडीबाची शिडी गणपतीपासून आपल्या पडवीत, शेजारी काय म्हणेल. लायटिंगसाठी मीच आणली होती. परत करायची राहिली. घरातल्यांना मोठ्या कामाची कल्पना नसते.

१२ मे
फाइल सापडली नाही की माझा प्रोग्रॅम अर्ध्यातून परत फिरतो. तिथे काउंट कमी करायचा राहिला होता. एका ठिकाणी. म्हणजे बऱ्याच. मला तशी शंका होतीच.

संकल्प: घेतलेलं सोडायचं. शंका आली की सोडायचं. कोडमध्ये आणि घरातही.

१८ मे
मशीन आता भरत नाही. मध्येच पॅनिक होतं, म्हणजे कर्नेल गोंधळून सगळं बंद पाडतो. चांगली चालू असलेली फाइल पायाखालून निघून जाते. मॅडम म्हणाल्या, आता तू एकाच गोष्टीसाठी दोनदा कमी करतोयस. वापरणारा वापरतोय आणि तू जागा मोकळी करतोस.

मला हार्डवेअर वाटतं. पंखा लावून बघणार.

२१ मे, रविवार
सकाळी संकल्प आठवला. मॅन्युअल पिशवीत टाकलं. बाहेर आलो तर भिंतीला टेकवलेली शिडी. म्हटलं शुभस्य शीघ्रम्. उचलली आणि धोंडीबाला देऊन आलो. त्याने आग्रहाने चहा पाजला आणि शिडी घेऊन लगेच कापूरबावडीला भावाकडे गेला. मी तसाच वागळे इस्टेटला, ऑफिसात. रविवारी मशीन एकट्याला मिळतं.

दुपारी माजिवड्याला परत. घरासमोर ही गर्दी. बाबा कौलांवर. सकाळी पावसाआधी कौलं चाळायला चढले होते. डोक्यावर मे महिन्याचं ऊन, टोपी खाली अंगणात. आई म्हणाली, बापूस वर हाय नं तू शिडी कंला नेलीस. मी म्हटलं, शिडी आपली नव्हतीच. हा मुद्दा कोणालाच खोडता आला नाही.

शेवटी टेबलावर टेबल ठेवून तिघांनी त्यांना उतरवलं. बाबा एवढंच म्हणाले, वर कोन हाय ते बगलास का. पाणी प्यायले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला एकदम रडू येईल असं वाटलं. ऊन लागलं असणार.

मॅन्युअल पिशवीतच राहिलं.

२२ मे
काल काम का झालं नाही याचं कारण म्हणून मॅडमना शिडीचं सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, गोविंद, तुझ्या कोडमध्ये अगदी हेच चाललंय.

मला काही संबंध दिसला नाही. कोडमध्ये बाबा कुठे आहेत?

२४ मे
सगळं पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. कुठे वाढवलं, कुठे कमी केलं, माझं मलाच कळेना. कमी करायची ओळ लिहायला गेलो की कौलांवर उकिडवे बसलेले बाबा दिसतात. काहीच सोडवत नाही. उद्या डेमो. काय करू ते खरंच सुचत नव्हतं.

दुपारी सुचलं. सोडायचंच नाही. कमी करणाऱ्या सगळ्या ओळी बंद. मेमरी भरायला तास-दीड तास लागतो, डेमो पाऊण तासाचा. असल्या निर्णयाला छाती लागते. मॅडमना सांगितलं नाही. त्यांना उगाच टेन्शन.

२५ मे
डेमो फर्स्ट क्लास. पुण्याच्या साहेबांनी स्वतः उठून हात मिळवला. मॅडम महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या.

मग साहेब म्हणाले, मशीन असंच चालू राहू दे, जेवून येऊ आणि सह्या करू. मी म्हटलं, एकदा बंद करून चालू करतो, धूळ फार असते इकडे. ते म्हणाले, छे, आमच्याकडे दिवसभर चालायचंय.

मलाही जेवायला नेलं. मी मध्येच उठलो तर मॅडम म्हणाल्या, बस रे, आज तुझा दिवस आहे. साहेबांनी दोनदा भात घेतला. वर आइस्क्रीम मागवलं. नंतर पान.

परत आलो तेव्हा कर्सरसुद्धा लुकलुकत नव्हता. साहेब घड्याळ बघून निघून गेले. मॅडमनी माझा कोड उघडून वाचला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२८ मे, रविवार
उद्यापासून पेरोल. एका अर्थी चांगलंच. डोक्याला आराम. सगळा ग्रुपच बंद झाला, मॅडम दुसरीकडे नोकरी बघतायत. काल टेबल रिकामं केलं. मॅन्युअल त्यांना दिलं. त्यांनी ते चाळून बघितलं आणि तुलाच ठेव म्हणाल्या, आता मी काय करू त्याचं. डबे मात्र सगळे घरी आणले. शालूने ते लगेच घासायला घेतले.

बाबांची अर्धी कौलं राहिली होती. आज ते स्वतः धोंडीबाकडे जाऊन शिडी घेऊन आले. मी म्हटलं, मी खाली धरून उभा राहतो, आज कुठे जायचं नाही मला. बाबांनी आधी टोपी नीट बसवली. मग सावकाश वर चढले आणि शिडी वर ओढून घेतली.