वरच्या खाचराचा उतार

दुबई, १२ नोव्हेंबर २००३

बाबा, तुमाला आणि आयेला लांबून जयभीम. मी बरा आहे, जेवण वेळेवर मिळतं. पौर्णिमा, शाळेतनं आलीस की हे बाबांना सावकाश वाचून दाखव.

मी काम करतो ते गोल्फचं मैदान फार अवघड म्हणून नावाजलेलं आहे. सभासद सोडून कुणाला आत घेत नायत. मी तिथलं गवत राखतो. पहिल्याच आठवड्यात चेंडू घालायच्या भोकाभोवतीची जमीन मला तिरपी दिसली. मी मुकादमाला म्हटलं, "लावणीच्या आधी मारतो तशी फळी मारतो, दोन दिवसांत सपाट करून देतो." तो पोट धरून हसला. तो उतार मुद्दाम बनवलाय म्हणे! मोठमोठे खेळाडू त्याच्यापुढं हात टेकतात, आणि पुन्हा तिथंच खेळायला येतात.

मला मात्र तो उतार कळतो. इथं पाणी सोडलं तर कुठं धावेल, एवढंच बघतो. चेंडू तिकडंच वळतो. काल एका सायबाला चेंडू कुठं वळेल ते आधीच सांगितलं, तर त्याने विचारलं, कुठं शिकलास? मी म्हटलं, बापाकडं, आमच्या वरच्या भाताच्या खाचरात.

ते खाचर कधी सपाट झालं नाय म्हणून मी तुमाला किती बोललो. निघताना म्हटलं, तो फार्महाउसवाला विकत मागतोय तर त्याला देऊन टाका.

कापणी झाली का? गुडघा किन्हवलीच्या डॉक्टरला दाखवला का? खरं कळवा. एकटे बांध चढू नका.

आणि तो फार्महाउसवाला परत आला तर त्याला सांगा, पोरगा नाय म्हणतो.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
रत्नदीप