एकसष्ट टक्के

प्रिय बाबा,

तुम्ही शिडीवर चढायचं कधीपासून सोडलंत? चार दिवस आठवून पाहते आहे, मला सांगता येत नाही. तुमच्या रंगाच्या डब्यांवर बसून मी अभ्यास केला, घरातली पहिली पदवी घेतली, तीही लोकांची हृदयं तपासायची, आणि एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही. पूर्वी छत तुमचं आणि भिंती तुमच्या जोडीदार काकांच्या, हे ठरलेलं होतं. आता काका वर असतात आणि तुम्ही खाली दाराखिडक्यांच्या चौकटी रंगवता. विचारलं की म्हणता, "छत काय, कुणीही फासतं. चौकटीला हात लागतो, हात!" आम्ही हसतो. आई म्हणते, उतारवयात कलावंत झालेत.

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "बोला डॉक्टरीणबाई" अशी सुरुवात करता आणि मग माझी डाळ शिजत नाही. मी डॉक्टर नाही, मशीनवर हृदयाचा इको काढणारी तंत्रज्ञ आहे, हे शंभरदा सांगून झालं. म्हणून कागद. सावकाश वाचा, आईलाही वाचून दाखवा.

माझं इथे बरं चाललंय. दिवसाला पंधरा-सोळा जण तपासते. छातीला लावायची जेल गार लागते, म्हणून प्रत्येकाला आधी सांगते. गेल्या वर्षी तुम्हाला सांगायला विसरले होते, तर तुम्ही दचकून म्हणालात, "प्रायमर मारतेस की काय?" बाहेरच्या रांगेपर्यंत हसू गेलं होतं.

त्या दिवसाबद्दलच लिहायचं आहे. तुमच्या हृदयाची डाव्या बाजूची झडप नीट मिटत नाही, थोडं रक्त मागे गळतं, हे आधीपासून माहीत होतं. डॉक्टरांनी त्या तपासणीनंतर सहा महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं होतं. दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं, तो आकडा तुमचा एकसष्ट टक्के आला. इतर माणसाचा एवढा असला तर आम्ही दुसऱ्यांदा बघतही नाही. मी रिपोर्टात आकडा लिहिला, आणि दाराशी येऊन तुम्हाला तोंडाने सांगितलं, "बाबा, एकदम फर्स्ट क्लास." ते तुम्ही गल्लीभर सांगितलंत. सहा महिने उलटले, वर्ष उलटलं. आईने आठवण करून दिली की तुमचं एकच, "माझ्या लेकीने पास केलंय मला."

सोमवारी आम्हाला एक नवीन मोजणी शिकवली. पडद्यावर हृदयाच्या भिंतीत बारीक ठिपके दिसतात. संगणक दर ठोक्याला त्या ठिपक्यांच्या मागे मागे जातो आणि भिंत लांबीत किती आखडते ते सांगतो. सरावाला प्रत्येकीने एक जुनं चित्रण आणायचं होतं. मी तुमचं नेलं. तुमच्यासारखा श्वास रोखून धरणारा पेशंट मला अजून मिळाला नाही. आणि खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. आकडा वीसच्या आसपास यायला हवा. पंधरा आला. पुन्हा मोजला, पंधराच. माझं काहीतरी चुकलं असेल म्हणून नाव झाकून मोठ्या मॅडमकडे दिलं. त्यांना आम्ही आपसात फूटपट्टी म्हणतो. त्यांनी मोजलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "सोळा. या गृहस्थांना बोलावून घे." मी म्हटलं, त्यांना काही त्रास नाही म्हणतात. त्या म्हणाल्या, "त्रास होत नाही, की त्रास होईल ते काम सोडून दिलंय? घरच्यांना विचार." घरची मीच तिथे उभी होते.

तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर समजेल. गिलावा वरून गुळगुळीत असतो, तुम्ही बोटाने ठोकता आणि आवाजावरून सांगता की आत पोकळ आहे. तसंच हे. गळक्या झडपेमुळे रक्ताला मागे जायला सोपी वाट मिळते, म्हणून हृदय भराभर रिकामं होतं आणि आकडा भरदार दिसतो. त्या एकसष्टातलं कितीतरी पुढे जातच नव्हतं. अशा हृदयाला साठ म्हणजे काठ, त्याखाली धोका, हे मला पुस्तकातून पाठ होतं. तुमच्या बाबतीत ते मला आठवावंसं वाटलं नाही. त्याच संध्याकाळी काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, दीड वर्ष झालं. चार पायऱ्या चढला की शिडीला धरून उभा राहायचा. मीच म्हटलं, तू चौकटी घे. मला वाटलं तुला माहीत असेल. तूच तर पास केलंस ना?"

घाबरू नका. हे लवकर कळलंय, उशिरा नाही. झडप दुरुस्त करायची का आणि केव्हा, हे एका आकड्यावर ठरत नाही. डॉक्टर सगळं पाहून ठरवतील. पण त्यासाठी तुम्ही यायला हवं, आणि तुम्ही तर माझ्या शब्दावर घरी बसला आहात. तो शब्द मी मागे घेते आहे, एवढ्यासाठीच हे पत्र. येत्या गुरुवारी सकाळी दहाची वेळ आहे, आईला घेऊन या. तुम्ही म्हणाल, मशीन लावेल तर माझी पोरगीच. नाही लावणार, बाबा. तुमच्या हृदयाकडे बघताना माझा हात झुकतं माप देतो, हे मी मॅडमना सांगितलं. काल गुरुवारच्या यादीत तुमच्या नावासमोरचं माझं नाव खोडून मी त्यांचं लिहिलं आणि खाली सही केली.

तुमचीच,
छोटी