नृसिंहकौंस

शेवगाव, ७ जानेवारी १९४६
नवा राग पूर्ण. नाव नृसिंहकौंस. शंभर वर्षांत असं काम झालं नाही, हायस्कुलातल्या गायनमास्तराकडून तर नाहीच. अंबिकेला पेटीवर ऐकवला. विचारते, मालकंस बिघडला का? बायकोला संगीत ऐकवणं आजपासून बंद.

१० जानेवारी
मुंबई रेडिओला पत्र टाकलं. ऑडिशन नको, थेट तासाभराचा प्रोग्रॅम द्या.

२२ जानेवारी
उत्तर. ऑडिशनला या. वर रेडिओवर पेटीला बंदी! किळस आली. असो. राग सनईवर वाजवून घेऊ. देवळातला सहादेव तयार आहे. त्याला अक्षरओळख नाही, स्वरांची नावंही येत नाहीत. चाळीस वर्षं नुसता वाजवतोय.

२९ जानेवारी
तालीम. सहादेव म्हणाला, मास्तर, ह्यो वाजवाया येतो, पन वाजवावा वाटत न्हाई. अडाणी!

१२ फेब्रुवारी, मुंबई
ऑडिशन. रागाचे नियम सांगण्यातच माझा निम्मा वेळ गेला. सहादेवने दोन मिनिटं नृसिंहकौंस वाजवला आणि मग सरळ देवळातल्या पहाटेच्या भैरवात घुसला. काचेपलीकडचा साहेब उठून आत आला. विश्वासघात!

२ मार्च
रेडिओचं पत्र सहादेवला आलं. वाचायला माझ्याकडेच आणलं. पंचवीस तारखेला त्याचा अर्धा तास प्रोग्रॅम. माझ्या रागाबद्दल अक्षर नाही. सांगितलं, नाकारलंय. एका अर्थी खरंच आहे.

४ मार्च
सहादेव गूळ घेऊन घरी. म्हणतो, माज्यामुळं तुमचं नाव गेलं, मास्तर, माफी करा. या लोकांच्या साधेपणाची मला चीड येते. पत्र पुन्हा मागितलं. परवा चष्मा नव्हता म्हणालो आणि खरं ते वाचून दाखवलं. चष्मा तेव्हाही नाकावरच होता. त्याने पत्राची घडी करून मुंडाशात खोचली.

११ मार्च
सहादेवचा सूर धरणारा भाऊ आजारी. मागे दुसऱ्या सनईवर एकच स्वर धरायला मला बोलावतोय. संगीतकाराला! उपकार म्हणून हो म्हटलं. गाल फार दुखतात.

२५ मार्च, मुंबई
प्रोग्रॅम झाला. अर्धा तास मी फक्त 'सा'. पुढे सहादेव असा वाजवत होता की मला माझा राग आठवेना. बाहेर आल्यावर सहज विचारलं, माझा सूर कसा होता? म्हणाला, दोनदा तुटला, मास्तर. पन तवा म्या जोरात फुकलं. कुनाला कळलं न्हाई.