अर्धंच छापलेलं मत

प्रिय बाबा,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की या वर्षी ऐच्छिक विषय म्हणून मी 'प्रदर्शन व्यवस्थापन' निवडला. मी तो निवडलेला नाही. आमच्या माहितीपुस्तिकेत बारा ऐच्छिक विषय छापलेत, पण कुठलाही विषय सुरू व्हायला किमान चार विद्यार्थी लागतात, आणि आमच्या वर्गात आहोत पाच जण. म्हणजे चौघांना जे हवं ते पाचव्याने गोड मानून घ्यायचं. कँटीनमध्ये बसून, हात वर करून आम्ही विषय ठरवला. मी बुरशीशास्त्रासाठी हात वर केला, तर कँटीनवाल्या काकांना वाटलं मी त्यांना बोलावतेय. ते पाणी घेऊन आले. बुरशीशास्त्राला मिळालेला प्रतिसाद तेवढाच. प्रदर्शन व्यवस्थापन जिंकलं, कारण त्याला लेखी परीक्षा नाही, फक्त शेवटी एक फलक रंगवायचा असतो. जीवशास्त्राची पदवी घ्यायला आलेली मी सध्या खुर्च्या कोणत्या कोनात मांडाव्यात ते शिकतेय. तुम्ही आत्याला सांगितलंत म्हणे, थोरलीने काहीतरी नवीन धरलंय. धरलं नाही बाबा, गळ्यात पडलंय.

इतर कशाबद्दल मी तुम्हाला चुकीचं सांगितलेलं नाही, पण थोडं सविस्तर सांगायला हवं. आमचं विद्यापीठ पूर्वी फर्निचरचं दुकान होतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे रस्त्याच्या बाजूचे वर्ग पूर्ण काचेचे आहेत आणि येणारेजाणारे थांबून आम्हाला बघतात. एकदा एक बाई आत येऊन मागच्या कपाटाची किंमत विचारून गेल्या. विभागप्रमुख सर सकाळी पेशीविज्ञान शिकवतात, दुपारी पर्यावरण आणि चारनंतर संवादकौशल्य. प्रमुख तेच आणि विभागही तेच, त्यामुळे रजेचा अर्ज ते स्वतःलाच देतात आणि लगेच मंजूर करतात. आमच्यातले दोघं आले नाहीत की तास रद्द होतो, आणि आलेल्या तिघांनाच त्याबद्दल बोलणी खावी लागतात. चांगलं आहे तेही सांगते. तासापुरत्या बाहेरून येणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम मनापासून शिकवतात. मला ताप आला तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी वसतिगृहात फोन करून चौकशी केली होती. मोठ्या विद्यापीठात माझी गैरहजेरी कुणाच्या लक्षातही आली नसती. हे मी मुद्दाम लिहितेय, नाहीतर तुम्ही म्हणाल, थोरली नुसती चिडलीय.

चिडले तर आहेच. गेल्या सत्राच्या शेवटी आमचे अभिप्राय मागवले. नाव लिहू नका, मोकळेपणाने लिहा, असं सांगितलं. पाच जणांच्या वर्गात नाव न लिहून काय होणार आहे. नंतर सरांनी भर वर्गात सांगितलं की कुणीतरी 'किंबहुना' असा शब्द वापरलाय, आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. बाकीच्यांनी लिफ्ट येईपर्यंत सगळीकडे 'उत्तम' वर खूण करून कागद देऊन टाकले होते. मी मात्र जेवायची सुट्टी घालवून लिहीत बसले. आमच्यातला लेटलतीफ म्हणाला, "कुणी काही विचारलं की तू खरंच उत्तर देतेस, तुझा प्रॉब्लेम हाच आहे." त्याला काय सांगणार? तुमच्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही दोघी बहिणी शिकलो ते असंच. पुस्तक असो, निबंध असो, पाहुण्यांनी आणलेली भेट असो, एक गुण आणि एक दोष सांगितल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही. आत्याने विणलेल्या स्वेटरचा दोष धाकटीने आत्यासमोरच सांगितला आणि आत्या महिनाभर आपल्याकडे फिरकली नाही, तेव्हाही तुम्ही धाकटीला रागावला नाहीत. म्हणालात, दोष बरोबर होता, फक्त गुण आधी सांगायला हवा होता.

म्हणून मी गुण आधी लिहिला. माझं वाक्य असं होतं: इथे शिक्षक प्रत्येक विद्यार्थ्याला नावाने ओळखतात, पण त्याला काय शिकायचं आहे हे कुणी विचारत नाही, आणि छापलेल्या विषयांपैकी बहुतेक विषय आजवर कधी शिकवलेच गेलेले नाहीत. त्यातलं 'ओळखतात' पर्यंतचं वाक्य उचललं गेलं. माझ्या फोटोखाली ते छापून विद्यापीठाची जाहिरात म्हणून सगळ्या बसथांब्यांवर लागलं, त्यातला एक थांबा नेमका तुमच्या दुकानासमोरचा.

तुमचा त्या दिवशीचा फोन मी विसरणार नाही. तुमचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. फलकाचा फोटो काढून तुम्ही तो चौकटीत बसवलात आणि जिथे गिऱ्हाइकं नवा चष्मा घालून चेहरा बघतात त्या आरशाशेजारी लावलात. आई सांगत होती, हल्ली नंबर काढून झाला की गिऱ्हाइकाने तो फोटो वाचून दाखवल्याशिवाय सुटका नाही. मी फोनवर थांबले होते, बाबा. मला वाटलं आता तुम्ही विचाराल, गुण वाचला, दोष काय लिहिलास? तुम्ही विचारलं नाहीत. त्या आठवड्यात आपण रोज बोललो, आणि रोज मी वाट पाहिली. मग तुमच्यावरच रागावले, आणि फोनवर तुटक बोलायला लागले. तुम्ही आईला विचारलंत, हिला झालंय तरी काय, अभ्यास जास्त आहे का. अभ्यास अजिबात जास्त नाही. तेच तर म्हणणं आहे.

मधल्या काळात मी संचालकांकडे जाऊन आले. जाताना दोनदा जिन्यातून परतले, ते सोडा. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "अगं बाळा, फलकावर जागा किती असते? सगळ्यांचीच वाक्यं आम्ही कापतो. तुझं निदान सुरुवातीचं तरी ठेवलं." मी म्हटलं, त्याने अर्थ बदलतो. ते म्हणाले, "छापलंय त्यात काही खोटं आहे का?" खोटं नव्हतं. मग त्यांनी पुढच्या शिक्षणासाठी लागणाऱ्या त्यांच्या शिफारशीचा विषय काढला. फार कौतुकाने काढला, दारापर्यंत पोचवायलाही आले आणि म्हणाले, प्रवेशाच्या मेळाव्यात पालकांसमोर तूच बोल, असंच गोड बोल. शिफारस अजून दिलेली नाही.

तुम्ही का विचारलं नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. मुलींना शाळेत न घालता घरी बसवलं, यांना बाहेर कोण विचारणार, हे आत्या आम्हा दोघींच्या देखत म्हणायची. शेजारचे औषधवाले काका गमतीत विचारायचे, आज घरच्या शाळेला सुट्टी का? तुम्ही भिंगं पुसत हसायचात. इतकी वर्षं तुमच्याकडे त्यावर दाखवण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, आणि त्यावर थोरलीचा फोटो आहे. आत्यासुद्धा बसमधून उतरून तो बघून गेली. अशा वेळी दोष कुठे आहे असं कोण विचारेल? मला हे समजतं. समजतं म्हणूनच गेले काही आठवडे मी गप्प बसले, आणि आणखीही बसले असते.

पण धाकटीचा फोन आला. तिने खगोलशास्त्र ठरवलंय. आमच्याच पुस्तिकेत वाचलंय, बारातला नववा विषय, सोबत मोठ्या दुर्बिणीचा फोटो. दुसरीकडे अर्जच करायचा नाही असं तिने आणि तुम्ही ठरवलंत, ताई तिथे आहे आणि ताईनेच चांगलं म्हटलंय म्हणून. ती दुर्बीण खरी आहे, बाबा. स्वागतकक्षात कुंडीशेजारी उभी असते, लिफ्टकडे तोंड करून. मी कार्यालयात विचारलं, मॅडमना विचारलं, जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं. खगोलशास्त्र इथे एकदाही सुरू झालेलं नाही. शिकवायला कुणी नेमलेलंच नाही. धाकटी तीन वर्षं इथे काढेल आणि शेवटी माझ्यासारखीच खुर्च्या मांडेल, आणि ती माझ्या वाक्यावर विसंबून आलेली असेल.

तेव्हा हे पत्र कशासाठी ते सांगते. मेळाव्याला तुम्ही येणार, आत्यालाही आणणार आणि धाकटीचा प्रवेश तिथेच पक्का करणार, असं आईने कळवलंय. मला मंचावर बोलायचं आहे. मी माझं वाक्य पूर्ण बोलणार आहे. नावाने ओळखतात हेही सांगेन, मॅडमच्या फोनचंही सांगेन, आणि मग बारा विषयांचं सांगेन, दुर्बिणीसकट. शिफारस मिळणार नाही हे धरून चालले आहे. समोर इतर पालकही असतील, तुम्हाला ओळखणारे पुष्कळ असतील. आत्या काय म्हणेल ते मी मनात इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ झालंय. हे सगळं तिच्या शेजारी बसून पहिल्यांदा तुमच्या कानावर पडू नये, म्हणून आधी लिहिलं. परवानगी मागत नाही, आणि तुम्ही रागावलात तर समजूत काढायला माझ्याजवळ काही नाही. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आत्याला आणायचं की नाही तेही. धाकटीला मात्र पाठवा, आणि माझं बोलणं होईपर्यंत तिला कशावरही सही करू देऊ नका. मी बोलणार आहे रविवारी, एकवीस तारखेला.

तुमचीच,
थोरली