चासीवरचे नऊ आकडे

प्रिय धाकटेराव,

तुझ्या मागच्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही. कारण आळस असं समज. आईच्या मते सगळ्या दुर्गुणांत तोच एक घरगुती. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि कार्यालयात हल्ली गाडीखाली शिरायचं असलं की दोन शिपाई मदतीला येतात, एक आत ढकलायला आणि दुसरा बाहेर ओढायला. आई ठीक आहे. मला कधी ताई म्हणते, कधी "अहो बाई", पण संस्कृतची शब्दरूपं अजून बिनचूक चालवते. परवा मीच द्विवचनात अडखळले तर म्हणाली, "धाकट्याला विचार, त्याला येतं." तुला कधीच येत नव्हतं.

आता गाडीचं. सहा आठवड्यांपूर्वी आमच्या तपासणीच्या शेडमध्ये एक जुनी, दोन दारांची, उघड्या टपाची गाडी नोंदणीसाठी आली. फिकट राखाडी, चाकांना तारांच्या आऱ्या, आतलं कातडं नवं. मालक निवृत्त दंतवैद्य. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून पाहिलं, आता बॉनेटमध्ये वाकायचंय म्हणाले. भला माणूस. त्यांनी ती तू राहतोस त्या देशातल्या एका व्यापाऱ्याकडून रीतसर घेतली. कागदांवर इतके शिक्के होते की मजकूर शोधावा लागला. त्याच सुमारास तिसऱ्याच देशातून एका बाईंच्या वकिलाचं पत्र आलं. बाई ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांच्या यजमानांची गाडी सव्वीस वर्षांपूर्वी घरामागच्या शेडमधून चोरीला गेली आणि यजमान तिचा शोध घेता घेता वारले. एका मासिकात डॉक्टरांच्या गाडीचा फोटो पाहून बाईंनी ती ओळखली. डॅशबोर्डच्या लाकडात एका कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा तुकडा आहे, तो यजमानांनी स्वतः तासून बसवला होता म्हणे. पण लाकडाच्या तुकड्यावरून कोर्ट गाडी देत नाही. नंबर लागतो.

गाडी एक, देश तीन, आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा. तुमच्याकडे सद्भावनेने विकत घेऊन काही वर्षं वापरली की गाडी आपली. बाईंच्या देशात ती चोराच्या मागून शंभर हात फिरली तरी मूळ मालकाचीच. आपल्याकडे मधलंच काहीतरी. वर्षं मोजतात, पण नंबर बदलून गाडी लपवली असेल तर ती सापडली त्या दिवसापासून. आईने शिकवलेलं आठवतं? जुन्या धर्मशास्त्रात वादांची अठरा प्रकरणं, त्यांतलं तिसरं अस्वामिविक्रय. जे आपलं नाही ते विकणं. तू विचारलं होतंस, "मग बिचाऱ्या घेणाऱ्याने काय करायचं?" आई म्हणाली, "विकणाऱ्याला आणून उभं करायचं." तेवढं ऐकून तू खेळायला पळालास. साहेबांना एवढं खोलात जायचं नव्हतं. ते म्हणाले, "ताई, नंबर खरा की खोटा, तेवढं सांगा. खरा निघाला तर गाडी डॉक्टरांची. खोटा निघाला तर म्हातारीला आशा आहे."

मी चासीवरचा रंग उतरवला, भिंग लावलं. नऊ आकडे, सरळ रेषेत, सारख्या खोलीचे. कानशीचा एक ओरखडा नाही. इतकं स्वच्छ काम मी नोकरीत दोनदा पाहिलं असेल. खरा नंबर असं लिहून मोकळी होणारच होते. पण तुला ठाऊक आहे, दोन आकडे शेजारी ठोकले की नंतरच्याचा घाव पोलाद किंचित सरकवतो आणि आधीच्याची त्या बाजूची कड दबते. कारखान्यातला माणूस लिहितो तसा डावीकडून उजवीकडे ठोकत जातो, म्हणून उजव्या कडा दबतात. इथे आठही ठिकाणी डाव्या दबल्या होत्या. नंबर शेवटच्या आकड्यापासून पहिल्याकडे ठोकला होता.

बाबा डावखुरे. हातोडा डाव्या हातात, आकड्याचा पंच उजव्यात, मग पुढची जागा दिसावी म्हणून ते उजवीकडून सुरू करत. आपण दोघं उजवे, तरी शिकलो ते तसंच. बाबांच्या गॅरेजमधल्या त्या जुन्या पत्र्यावर आपण दोघांनी किती आकडे उलट्या क्रमाने ठोकले असतील! एकदा मी कारखान्यासारखं डावीकडून ठोकलं तर बाबा म्हणाले, "अगं, हे काय, शेपटीकडून घास भरवतेस?" खरं तर शेपटीकडून भरवत होतो आपणच. पण ते बाबांना सांगणार कोण?

भिंग खाली ठेवलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आधी वाटलं, उशिरा वाटेल. जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ला, हात धुतले, दोन ट्रकांची कागदपत्रं तपासली. संध्याकाळी घरी तुझी जुनी पत्रं काढली. तिकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी तू लिहिलं होतंस, तिथल्या गॅरेजच्या मालकाने तुझ्यावर एक नाजूक काम सोपवलं, उघड्या टपाची राखाडी गाडी आहे, आणि बाबांना सांग, त्यांची पद्धत इथेही चालते. बाबांनी ते पत्र येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं होतं. घडी जिथे होती तिथे कागद फाटायला आलाय. तेव्हा तू बावीस वर्षांचा होतास. मालकाने काय सांगितलं, तू काय विचारलंस, काय विचारलं नाहीस, हे मला माहीत नाही. मी ते विचारतही नाहीये.

आमच्या अहवालात "निष्कर्षाचा आधार" असा रकाना असतो. तिथे मी क्रम लिहिला. त्याखाली "ही पद्धत तपासनिसास कशी परिचित?" साहेबांनी तेच तोंडी विचारलं. मी म्हटलं, असं ठोकणारी तीन माणसं मला ठाऊक आहेत. एक वारलं, एक तुमच्यासमोर बसलंय. आईच्या न्यायशास्त्रात याला परिशेष म्हणतात, बाकी सगळे वजा केले की उरतो तो. साहेब हसायला लागले, मग थांबले. म्हणाले, "ताई, तुम्ही हे लिहिलं नसतं तर कोणाला कळलं नसतं." खरं आहे. म्हणूनच लिहावं लागलं. नात्याच्या रकान्यात "धाकटा भाऊ" लिहिलं, सही केली, आणि नियमाप्रमाणे प्रकरण माझ्याकडून काढून घेतलं. या पत्राची प्रत फायलीला लावणार आहे. त्यामुळे माझा गुडघाही आता सरकारी कागदपत्रांत गेला.

आई तू कधी येणार विचारते. ये असं मी लिहू शकत नाही. येऊ नकोस असं तर मुळीच नाही. विमानतळावर कोण उभं असेल ते तुला कळलं असेलच.

हे सगळं तुला पोलिसांकडून कळलं असतं, पण पत्र लिहिलं ते वेगळ्या कारणासाठी. मूळ नंबर वर यावा म्हणून माझ्या जागी आलेल्या तपासनिसाने ॲसिड लावलं. नऊपैकी चार आकडे उमटले, तेही पुसट. बाईंच्या कागदाशी ते जुळतात, पण त्या वर्षीच्या आणखी अकरा गाड्यांशीही जुळतात. डॉक्टरांचा वकील म्हणतो, नंबर खोटा हे मान्य, पण म्हणून गाडी याच बाईंची कशावरून? उरलेले पाच आकडे पोलादातून गेले. घासण्याआधी नंबर कागदावर उतरवून घ्यायचा हे बाबांनी आपल्या हाडात भिनवलंय, आणि तू कागद टाकून देत नाहीस. तो नंबर लिही, खाली तारीख आणि सही कर, आणि पाठव. त्याने तुझं भलं होईल असं सरकारी वकील म्हणतात. मला खात्री नाही. बाईंना त्यांच्या यजमानांची गाडी मिळेल, याची मात्र आहे. त्यांच्या कागदावरचा पूर्ण नंबर आत्ता माझ्यासमोर आहे, पण तो मी इथे लिहीत नाही. तो तुझ्याकडून यायला हवा. खाली पत्ता दिलाय. माझा नाही, न्यायालयाचा.

तुझीच,
थोरली